अश्वगंधेच्या बाटलीतली पांढरी गोळी

रेवा आणि ईशान,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं. नागपूरच्या माझ्या शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा इंग्रजीच बोलावं लागे आणि फार्मसीचं शिक्षणही सगळं इंग्रजीतच झालं. पण यात जी माणसं येणार आहेत ती माझ्याशी कधी इंग्रजीत बोलली नाहीत. त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की त्यात मी जरा बरी दिसू लागते. एकदा लिहून पाहिलं आणि ती पानं फाडून टाकली.

आताच का लिहिते आहे, ते रेवाला ठाऊक आहे. दोन रविवारांपूर्वी व्हिडिओ कॉलवर, तुझी आई चहा करायला गेलेली असताना, रेवा, तू एक बाटली कॅमेऱ्यासमोर धरलीस. "आजी, बघ, तुझ्या दुकानातलं औषध. अश्वगंधा. इथे गोळ्या नाहीत, जेलीसारखं असतं, स्ट्रॉबेरीची चव." परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं, हात गार पडतात, म्हणून घेतेस असं म्हणालीस. मग आवाज खाली आणून म्हणालीस की विद्यापीठाच्या डॉक्टरनं एक गोळी लिहून दिली होती, ती दहा दिवस घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली, कारण हे नैसर्गिक आहे. आणि शेवटी म्हणालीस, "आईला सांगू नकोस."

मी हसले. "अश्वगंधा चांगलीच असते गं," म्हणाले. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली आणि आपण ईशानच्या पडलेल्या शेवटच्या दुधाच्या दाताबद्दल बोलू लागलो.

त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकानं औषधांच्या दुकानातले अनुभव मागितले आहेत. मी गमतीजमतीचं काही लिहायला घेतलं होतं, ते बाजूला ठेवलं. हे आधी तुम्हाला पाठवते. रेवा, तू हो म्हणालीस तरच अंकाला देईन. नाही म्हणालीस तर हे तुमच्यापुरतं राहील.

केनवडला महामार्गाला लागून, बसथांब्यासमोर आपलं दुकान होतं. एकतीस वर्षं मी तिथे उभी राहिले. उभी म्हणते, कारण मी खुर्ची ठेवली नव्हती. अंगात पांढरा कोट, मागे फळ्यांवर औषधं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, आणि समोर एक कात्री, जिला मी दुसरं कुणाला हात लावू देत नसे. गावाकडे पूर्ण पाकीट कोणी नेत नाही. कुणी दोन गोळ्या मागतो, कुणी चार. पाकीट कापताना औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत शिल्लक राहिला पाहिजे, नाहीतर उरलेल्या गोळ्या कसल्या हे कळणार नाही. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी मी कागदी पुडीवर सूर्य काढत असे, रात्रीच्या गोळीसाठी चंद्र. तुमचे आजोबा म्हणायचे, "तुझं दुकान आहे की खगोलशास्त्राची शाळा?" तेही डी.फार्म. होते, पण त्यांचं लक्ष शेतात जास्त.

आणि एक नियम मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. एका औषधाच्या बाटलीत दुसरं औषध घालायचं नाही. लोक खोकल्याच्या बाटलीत फिनेल भरून ठेवतात, मलमाच्या डबीत चुना ठेवतात. मी रिकामी बाटली घरी नेऊच देत नसे. या नियमाबद्दल मी बाजारात प्रसिद्ध होते.

आमच्या दुकानावर चिंता, नैराश्य असे शब्द कधी कोणी उच्चारले नाहीत. लोक म्हणत, जीव घाबरते. छातीत धडधड करते. कशात मन लागून नाही राह्यलं. एक ट्रकवाला दर पंधरा दिवसांनी थांबायचा, तो म्हणाला होता, "मॅडम, डोक्यातला टीव्ही बंदच होत नाही. बंद करायची गोळी द्या." मी म्हटलं, तशी गोळी नसते. तर म्हणे, "मंग आवाज कमी करायची तरी द्या."

अशा लोकांना देण्यासारखं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येईल असं, दुकानात एकच होतं: अश्वगंधेच्या गोळ्या. तपकिरी काचेची बाटली, आत तपकिरीच गोळ्या, मुळीच्या चूर्णाच्या. झाकण उघडलं की तबेल्यासारखा वास येतो. रिठदचे एक निवृत्त गुरुजी ती नेताना आधी नाकाला लावत आणि म्हणत, "घोडा हाये. अस्सल हाये." वास आला नाही तर बाटली परत.

ती थोतांड आहे असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. काहींना तिनं झोप बरी लागते, मनावरचा ताण थोडा हलका वाटतो. काहींना काहीच होत नाही. थायरॉइडची गोळी चालू असली, बाई गरोदर असली, यकृत बिघडलेलं असलं, तर ती देऊ नये. म्हणून मी विचारल्याशिवाय बाटली देत नव्हते. कसल्या गोळ्या चालू आहेत, झोप कशी आहे, आणि तिसरा प्रश्न आवाज उतरवून विचारायची: जगू नये असं कधी मनात येतं का? तुम्हाला नवल वाटेल, पण या प्रश्नाला लोक खरं उत्तर देत. बसथांब्याच्या गोंगाटात, काउंटरवर हात टेकवून, परक्या बाईला खरं सांगत. ज्यांचं उत्तर हो असे त्यांना बाटली न देता मी अकोल्याच्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता देई. काही जात, बरेच जात नसत. एक बाई चार वर्षांनी येऊन म्हणाली होती, "तुमी बाटली नाही देली म्हणून तवा लय राग आला होता. आता नातू झाला मले." एकतीस वर्षांत मला मिळालेला पुरस्कार तो एवढाच.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं मी अडाणीपणानं केलं नाही, हे तुम्हाला कळावं.

सुनंदा आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका होती. माहेर किन्हीराजाचं. दोन मुली, नवरा आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावला नोकरीला, घरी सासू जिजाबाई. बौद्ध कुटुंब, घरात सगळे शिकलेले किंवा शिकणारे, दाराशी तुळईला टांगलेली पाटी सुनंदाच्याच हातची, सुरेख अक्षरात. अंगणवाडीतली चाळीस मुलं तिला 'मॅडम' म्हणत आणि ती मला 'मॅडम' म्हणे, म्हणून आम्हा दोघींना एकमेकींची थोडी गंमत वाटे.

दुसऱ्या मुलीनंतर तिचं बिघडलं. आधी झोप गेली. मग अंगणवाडीत हजेरी घेताना एका नावावर थांबायची आणि पुढचं नाव तिच्या तोंडून निघायचं नाही. एका दुपारी दुकानात कोणी नसताना आली आणि अश्वगंधेची बाटली मागितली. मी तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्याला ती काउंटरवरच्या कात्रीकडे बघत राहिली. म्हणाली, "येते मॅडम. रोज नाही. पण येते."

ती अकोल्याला गेली. सासूला सांगितलं, प्रशिक्षण आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पांढरी, बारीक, रोज एक. चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत एक तपकिरी रिकामी बाटली. आमच्याच दुकानातली, अश्वगंधेची. तिचा नवरा पूर्वी कधीतरी भरलेली घेऊन गेला होता.

"मॅडम, गोळ्या यात भरून द्या."

"सुनंदा, तुला माझा नियम माहीत आहे."

"माहीत हाये. पण घरी पाकीट दिसलं तर? आमच्या घरी मोबाईलवर नाव टाकून पाहतील सगळे. म्हणतील, डोक्याच्या गोळ्या खाते. अंगणवाडीत कोणी लेकरू पाठवीन काय माह्याकडे मंग? आणि सासूबाई..." तिनं पिशवीचं तोंड दुमडलं. "सासूबाईले नका सांगू. तुमच्या साहेबांले बी नका सांगू. तुमाले आणि मले माहीत, बस."

मी किती वेळ विचार केला असेल? एक एस.टी. आली आणि गेली, तेवढा. मला वाटलं, गोळी पोटात जाणं महत्त्वाचं, बाटलीचं काय. तिच्या घरच्यांबद्दल ती जे बोलली ते मला खरंच वाटलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. खेड्यातली सासू. मनाचा आजार. पुढचं मीच ठरवून टाकलं. जिजाबाईंना मी तोवर तेरा वर्षं ओळखत होते, पण त्यांना कधी काही विचारावं असं मनात आलं नाही.

मी पाकिटातून एकेक गोळी काढली आणि बाटलीत टाकली. बाहेरची चिठ्ठी जुनी झाली होती, म्हणून नवी लिहिली. माझ्या नेहमीच्या अक्षरात. अश्वगंधा. रोज एक. खाली चंद्र काढला.

सुनंदाला गुण आला. सहा आठवडे लागले, या गोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. पण आला. हजेरी पुन्हा सरळ घेऊ लागली. श्रावणात मुलांची नाच-गाणी बसवली. आणि जिजाबाईंनी सगळ्या गावाला सांगितलं की मॅडमच्या बाटलीनं सून उभी केली.

जिजाबाई म्हणजे काय होतं ते तुम्हाला कसं सांगू. उंच, हाडकुळी बाई, डोक्यावर पदर आणि तोंडात कायम काहीतरी सांगायचं. त्या बाजारात माझी जाहिरात करत फिरत. "अव, जडीबुटी हाये, पर असलं काम करते की काय सांगू. आमची सुनंदा कशी झाली होती, आता पाहा." दुकानात बायका येऊ लागल्या, सुनंदाची बाटली द्या म्हणून. रिठदचे गुरुजीसुद्धा बोलले, "त्या अंगणवाडीवालीची बाटली निराळी हाये म्हणतात. माह्यातनं फक्त घोडाच का निघते?" मी हसून वेळ मारून नेली. येणाऱ्यांना खरी अश्वगंधा दिली, प्रश्न विचारून, नियमानं. तिचा गुण त्यांना सुनंदाइतका आला नाही, तर त्यांनी आपल्याच नशिबाला बोल लावला. हेही माझ्याच नावावर आहे.

दर महिन्याला दुपारी दोन ते चारच्या सामसुमीत सुनंदा येई, चिठ्ठी दाखवी, मी बाटली भरून देई. एकदा तिनं विचारलं, "ही गोळी जन्मभर घ्यावी लागन काय?" मी म्हटलं, "नाही गं. एक दिवस असा येईल की तुला बाटलीत खरीच अश्वगंधा पुरेल." सहज म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून.

मग ईशान, तुझ्या जन्माची वेळ आली. मी तीन महिन्यांसाठी तुमच्याकडे निघाले. सुनंदाला डॉक्टरांकडून तीन महिन्यांची चिठ्ठी आणायला सांगितली, मोठी बाटली घेतली, नव्वद गोळ्या मोजून भरल्या आणि वर आठ जास्तीच्या. ती म्हणाली, "संपायच्या आत येजा." मी म्हटलं, "संपायच्या आत येते." आजोबांना दुकानातल्या प्रत्येक फळीची यादी लिहून दिली. कोणत्या डॉक्टरचं अक्षर कसं वाचायचं, कुणाच्या घरी इन्सुलिनसाठी माठ आहे की फ्रिज, सगळं. अकरा पानं झाली. सुनंदाचं नाव त्यात नव्हतं. मी शब्द दिला होता.

तू सात आठवडे आधीच आलास, ईशान. काचेच्या पेटीत ठेवलं होतं तुला. तुझ्या आईला धीर द्यायला मीच होते. रेवाला शाळेत सोडायचं, दवाखान्यात जायचं, घरी येऊन भात लावायचा. तीन महिन्यांचे पाच झाले. यात तुझा काहीएक दोष नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या वयाची मुलं असल्या गोष्टी उगाच मनाला लावून घेतात.

बाटली संपायचा दिवस मला आठवला होता. हे तुम्हाला सांगायलाच हवं. माझ्या डायरीत त्या तारखेवर एक बारीक ठिपका होता. सकाळी तो पाहिला. मनात म्हटलं, शिकलेली बाई आहे, थेट अकोल्याला जाईल, तिथूनच घेईल. मग तुला दूध पाजायची वेळ झाली. फोन करायला किती वेळ लागला असता?

त्याच सुमारास जिजाबाई रिकामी बाटली घेऊन आपल्या दुकानात गेल्या. सुनंदाला मालेगावला बैठक होती आणि सुनेचं औषध संपलेलं यांनी पाहिलं, म्हणून प्रेमानं स्वतः गेल्या. आजोबांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. माझं अक्षर, माझा चंद्र. फळीवरून अश्वगंधेची नवी बाटली काढली आणि दिली. कोणत्याही चांगल्या औषधविक्रेत्यानं तेच केलं असतं.

सुनंदानं घरी आल्यावर बाटली उघडली असेल. तिला वासानंच कळलं असणार. सासूच्या देखत ती काय बोलणार? आणि नंतर, एकटी असताना, तिला माझं वाक्य आठवलं. हे मला जिजाबाईंकडून कळलं, त्यांना तिनंच पुढे सांगितलं: मॅडम म्हणाल्या होत्या, एक दिवस खरी पुरेल. तिला वाटलं, तो दिवस हाच असेल. जवळपास दोन वर्षं ती चांगली होती. मग का वाटू नये?

ती पांढरी गोळी अशी एकदम बंद करायची नसते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, महिनोन्महिने. एकदम सोडली तर आधी चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, आणि मागे ढकललेली भीती वाढून परत येते. सुनंदाला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. पण चांगलं वाटत असताना सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

पाचव्या आठवड्यात एका सकाळी अंगणवाडीत खिचडी गॅसवर होती, मुलं ओळीनं बसली होती आणि मदतनीस पाणी आणायला गेली होती. सुनंदा चपला घालून बाहेर पडली आणि महामार्गानं चालू लागली. खिचडी जळाली. धूर पाहून शेजारचे धावले. मुलं सगळी सुखरूप होती, फक्त रडून लाल झालेली. संध्याकाळी मालेगावच्या बसथांब्यावर एका कंडक्टरनं तिला ओळखलं. विचारलं तर म्हणाली, हजेरीतलं पुढचं नाव आठवत नाही, ते शोधायला निघाले.

तिचा भाऊ तिला किन्हीराजाला घेऊन गेला. अंगणवाडी गेली. ज्यांच्या लेकरांसमोर खिचडी जळाली त्या आयांना दोष कसा द्यायचा?

मी परतले ती पुढच्या महिन्यात. दुकान उघडून तासभरही झाला नसेल, जिजाबाई आल्या. पिशवीतून दोन बाटल्या काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक माझी रिकामी, एक आजोबांनी दिलेली, अर्धी भरलेली. मागे आजोबा वही लिहीत होते.

"मॅडम, ह्या दोन्हींवर एकच नाव हाये," त्या म्हणाल्या. "मंग हिच्यातली गोळी पांढरी काहून होती?"

मी रिकामी बाटली फिरवून तिची चिठ्ठी माझ्याकडे केली.

"म्या तवाच इचारलं साहेबाले. म्हटलं, रंग काहून बदलला? साहेब म्हणे, कंपन्या रंग बदलत राह्यतात. मले बी पटलं." त्यांनी आजोबांकडे पाहिलं. "तुमची चूक नाही बाप्पा. तुमाले कोनी सांगतलं होतं?"

आजोबांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांच्या देखत सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज मला शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा ऐकू येत होता, मुद्देसूद. सुनंदानं शब्द घेतला होता. घरी कळलं तर लोक काय म्हणतील, अशी तिला भीती होती.

"लोक मंजी कोन? मीच ना?"

"जिजाबाई, मला वाटलं..."

"तुमाले वाटलं." त्यांनी पदर सारखा केला. "माह्या भावाले असंच झालं होतं, मॅडम. माह्या लग्नाच्या आधी. बापानं बैलगाडीत घालून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेला त्याले. सहा महिने मी त्याच्यापाशी राह्यली, त्या वॉर्डात. मले माहीत हाये गोळी कशी द्या लागते ते. जिभेखाली लपवते मानूस, तेबी पाहा लागते. म्या सोता घेऊन गेली असती तिले अकोल्याले, हात धरून. रोज माह्या हातानं देली असती. पंधरा वर्षं मी येऊन राह्यली तुमच्या दुकानात. मले एकडाव तरी इचारलं काय?"

बाहेर एस.टी. लागली होती, माणसं उतरत होती. एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली आणि आमचे चेहरे पाहून तशीच उभी राहिली.

"सुनंदा कशी आहे?" मी विचारलं.

"हाये," त्या म्हणाल्या. "गोळी चालू केली पुन्हा. पर ते अंगणवाडीचं नाव काढलं की उठून जाते." बाटल्या तिथेच ठेवून त्या निघाल्या. पायरीवरून वळल्या. "त्या चांदोबाचं कौतुक होतं मले. मी सांगत होती सगळ्याईले, मॅडम चांदोबा काढून देते म्हणून."

आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांनी एकच विचारलं, "मला सांगितलं असतंस तर मी कोणाला सांगितलं असतं?" त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, जाईपर्यंत. पण दुकानात कुणी अश्वगंधा मागितली की ते आत निघून जात, मला द्यायला लावत.

सुनंदाला मी एकदाच भेटायला गेले, किन्हीराजाला. फोन करून गेले. भावाची बायको चांगली वागली, चहा दिला, पोहे दिले. सुनंदा आत होती. "येते म्हणे," ती दोनदा म्हणाली. मी तासभर बसले. ती आली नाही. मी ओसरीवर बसले होते तिथून तिच्या खोलीची खिडकी दिसत होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर गोळ्यांचं पाकीट ठेवलं होतं. चांदीसारखं चमकत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही दिसावं असं. चार गोळ्या वापरलेल्या, सहा शिल्लक. नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शाबूत.

त्यावर ऊन येत होतं. गोळ्या उन्हात ठेवू नयेत, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

रेवा, मी तुझ्या आईला काही सांगितलेलं नाही. तू घेतेस ते वाईट आहे असंही म्हणत नाही. पण खणात टाकलेली गोळी बंद करायची की चालू ठेवायची, आणि तिच्याबरोबर ही स्ट्रॉबेरीची अश्वगंधा चालते का, हे ज्या डॉक्टरनं ती दिली त्यालाच विचार. उद्याच विचार. आणि आईला तू सांग. तिला काय वाटेल हे तू मनात ठरवून टाकलं आहेस. मीही एका बाईबद्दल तसंच ठरवलं होतं. तुझ्या आईला सोळाव्या वर्षी काय होत होतं आणि ती माझ्याकडे काय मागायला आली होती, हे तुला माहीत नाही. ते तिच्याकडूनच ऐक.

दुकान मी आजोबांच्या नंतर एका तरुण जोडप्याला दिलं. त्यांनी फळ्या कंपन्यांप्रमाणे लावल्या आहेत आणि एक खुर्ची ठेवली आहे. कात्री मी घेऊन आले. त्या दोन बाटल्याही माझ्या कपाटात आहेत, रिकाम्या, धुतलेल्या, चिठ्ठ्यांसकट. जिजाबाई गेल्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत दर आठवड्याला एस.टी.नं किन्हीराजाला जात होत्या.

सुनंदा तिथेच आहे. थोरली मुलगी नर्सिंगला आहे, धाकटी दहावीला. गोळी चालू आहे. पाकीट खिडकीतच असतं, असं तिची वहिनी फोनवर सांगते. माझ्याशी ती बोलत नाही.